करंजाखालची पाचवी झोळी

तळ्यात पाणी असतं तेव्हा त्याच्या तळाशी कुणी चालत नाही. मी चाललेय.

त्या उन्हाळ्यात आमचं गावतळं आटलं. गाळ काढायचं काम रोजगार हमीतून निघालं आणि चैत्रातल्या एका सकाळी डोक्यावर रिकामं घमेलं पालथं घालून मी त्यात उतरले. पायाखाली भेगाळलेली काळी माती, मधेमधे शिंपल्यांचे पांढरे तुकडे. मान वर केली की काठाच्या दगडांवर जुन्या पाण्याची रेघ दिसायची, आमच्या डोक्यांच्या कितीतरी वर. म्हणजे एरवी इथून, माझ्या केसांवरून, मासे जातात. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. भरलेलं घमेलं घेऊन चालताना मला वाटायचं, वर पाणी आहे आणि आपण सगळ्या श्वास धरून चाललोय. कुदळींचे आवाजसुद्धा तसेच यायचे, लांबून, भिजल्यासारखे.

काठावर एक जुना करंज आहे. त्याच्या आडव्या फांद्यांना आमच्या झोळ्या टांगलेल्या असत. माझी हळदी रंगाची साडी, शालूचं निळं लुगडं, आणि पलीकडच्या टोळीतल्या बायांच्या आणखी तीन. करंज फुलला होता. वारा आला की फुलं लाह्यांसारखी झोळ्यांत पडायची आणि झोळ्या हलायच्या. खालून, तळातून बघितलं की त्या पाण्यावर सोडून दिलेल्या होड्या वाटायच्या. त्यातल्या एका होडीत माझी चिमी. दहा महिन्यांची, दोन दातांची.

मी हमीवर गेले ते तिच्यासाठीच. माझा नवरा भागवत जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडी सळयांच्या कारखान्यात आहे. तिथंच पत्र्याच्या खोलीत राहतो आणि रविवारी मोटारसायकलवर गावी येतो. त्याच्या पाळ्या कमी झाल्या तेव्हा तो म्हणाला, "तू बी चल तिकडं. दोन ठिकानचा खर्चा आता झेपून न्हाई राह्यला."

थंडीत मी थोडे दिवस तिकडं राहून आले होते. सकाळी चिमीचं नाक पुसलं की फडकं काळं व्हायचं. दुपारी पत्रा तडतडायचा आणि ती खोकत उठायची. टेंभुर्णीच्या डॉक्टरनं तिच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि औषधाची बाटली मोठी दिली. तिला परत जालन्याला न्यायचं माझ्या जिवावर आलं.

"खोलीचं तू बघ," मी म्हटलं. "घरचं मी बघते. हमीवर जाते."

"आन् लेकरू?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई उषाबाई, दारात बसून पायाला तेल चोळत होत्या. त्या रोज पहाटेच बियाण्याच्या प्लॉटवर जातात. मिरचीच्या फुलावर फूल टेकवायचं काम, ऊन चढायच्या आत करावं लागतं. "लेकरू संगं," त्या भागवतला म्हणाल्या. "तुला काय मी घरी ठेवून गेल्ते? बांधावर टाकून निंदलं. मुंग्या चावल्या म्हनून तर एवढा शाना झालाय."

भागवत हसला आणि ठरलं. हमीचं काम टिकलं तर मी गावात. सुटलं तर पत्र्याची खोली.

आमच्या टोळीच्या म्होरक्या कौसल्याकाकू. बचत गटाच्या अध्यक्षही त्याच. गावात कुठंही चार बाया जमल्या की त्यांच्या अध्यक्ष कौसल्याकाकू होतात, निवडणूक लागत नाही. शालू माझ्याच वयाची, आमच्याच गल्लीतली. आणि शहाजादी चाची.

चाचीला कुठली टोळी घेत नव्हती. हमीवर माती मोजून पैसे मिळतात. टोळीनं जेवढा खड्डा केला त्याची मजुरी सगळ्यांत सारखी वाटायची, त्यामुळं एकीचा हात ढिला पडला की सगळ्यांचा रोज कमी. चाचीची साठी उलटलेली, कंबर वाकलेली. एकटी राहते. मुलगा औरंगाबादला गेला तो फोनपुरता उरला. घमेलं उचलताना ती तोंडानं 'या अल्ला' म्हणायची आणि अर्धी माती वाटेत सांडायची. कौसल्याकाकूंनी तिला टोळीत घेतलं, पण बोलणं काही सोडलं नाही.

"चाची, माती न्यायची हाय. पेरत काहून चालली?"

"क्या करूं बाई, मिट्टीकू भी घर छोडके जाना नक्को लगता."

सगळ्या हसायच्या, काकूसुद्धा. हसून झालं की म्हणायच्या, "हासू नका ग, खड्डा बघा. कोंबडीनं उकरल्यावानी दिसून राह्यला."

पहिल्या आठवड्यात माझ्यामुळंही खड्डा तसाच दिसायचा. चिमी रडायच्या आधीच मला कळायचं. तळ्याच्या मध्यावर, डोक्यावर घमेलं असताना, छातीत काहीतरी भरून यायचं आणि पदर ओला व्हायचा. मग वरून तिचा आवाज. मी घमेलं टाकून चढ चढायची. तिला पाजताना करंजाच्या सावलीत माझे डोळे मिटायचे, कुठलं तरी गाव दिसायचं जिथं सगळी घरं झोळ्यांची आहेत, आणि खालून काकू ओरडायच्या, "आकांक्षे! म्हशीच्या धारा काढायला बी एवढा टायम लागत न्हाई ग!"

एक दिवस मी अशीच धावत निघाले तेव्हा चाची माझ्या पुढं चढ चढत होती, गुडघ्यावर हात ठेवून. "तू खोद," ती म्हणाली, "मै देखती."

तिनं काय केलं, तर सगळ्या झोळ्यांच्या दोऱ्या एकत्र बांधल्या आणि ते टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं. बुंध्याला टेकून बसली आणि पाय हलवायला लागली. सगळ्या झोळ्या एका तालात. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. गाणं म्हणावं तर चाल नव्हती, नुसते शब्द एकामागून एक, चांद, मामू, बताशे, बाजार, मेंढी. लेकरं गप्प झाली. तळ्यात एकदम एवढी शांतता पसरली की कौसल्याकाकूंची कुदळ वरच थांबली.

"मेली का काय सगळी?" त्या म्हणाल्या. मग कुदळ मारली. "बसू द्या तिला. पन सांगून ठेवते, चाची झुलत बसणार आन् आपन तिच्या वाटनीचं खोदणार, हे मी हप्ताभर चालू दीन. मंग न्हाई."

हे बरोबर होतं. काकूंच्या घरी पण चूल होती.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हमीचे नियम रंगवलेले आहेत. अर्धी अक्षरं उडालीत, खाली पान खाऊन थुंकलेलं. रेशनच्या रांगेत चिमीला कडेवर घेऊन मी ते वाचत उभी होते. आणि तिथं लिहिलं होतं की पाच वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं कामावर येत असतील, तर त्यांना सांभाळायला कामावरच्याच एका बाईला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मी परत वाचलं. मला अंगठ्याला दोरी बांधलेला चाचीचा पाय दिसला. तो पाय कुणीतरी सरकारी रंगानं भिंतीवर आधीच काढून ठेवला होता, आणि आम्ही त्याच्यासमोरून रोज जात होतो.

राधेश्याम आमचा रोजगार सेवक. गावातलाच पोरगा, सकाळी आणि दुपारी येऊन मोबाईलवर आमचा हजेरीचा फोटो काढतो, आणि मग रेंजसाठी तळ्याच्या भिंतीवर हात उंच करून फिरतो. मी त्याला गाठलं.

"आहे ना वहिनी नियम," तो म्हणाला. "पन आपल्याकडं कुनी मागतच न्हाई. बाया येतात, लेकरं फांदीला टांगतात आन् खाली उतरतात. गुरुवारी तालुक्याचे साहेब येऊन राह्यले. त्यांनी पाच मोजली की चाचीचं नाव सांभाळणारी म्हनून टाकतो. टोळीवर तिचा भार न्हाई, तिची मजुरी येगळी. चार निघाली तर मंग माझ्या हातात काही न्हाई."

"पाच आहेत की. ते काय."

राधेश्यामनं झोळ्यांकडं बघितलं. निळ्या झोळीवर त्याची नजर थोडी थांबली. "हाईत," तो म्हणाला आणि मोबाईल वर धरून निघून गेला.

गुरुवारी साहेब आले. चांगला माणूस होता. आमच्या माठातलं पाणी प्यायला, डोक्याचा रुमाल भिजवून परत बांधला, आणि म्हणाला, "नियम आहे तर द्यायलाच पाहिजे. फक्त मला रेकॉर्डला फोटो लागेल. ज्याचं लेकरू त्यानं उचला आणि ओळीत उभ्या राहा."

आम्ही उचलली. मी चिमीला, पलीकडच्या टोळीतल्या तिघींनी आपापली. निळी झोळी हलली आणि कचरू आपला आपणच खाली उतरला. अडीच वर्षांचा, केस कधी न कापलेले, नाकात बारीक तार. ओळीच्या टोकाला येऊन उभा राहिला आणि पोट पुढं काढून साहेबांकडं बघायला लागला.

"हे कुणाचं?"

शालू माझ्याशेजारी उभी होती. रिकाम्या हातांनी. तिनं पदर दातात धरला, सोडला, आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "माझं न्हाई."

आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे. शालूची दोन लेकरं गेली, एक तीन महिन्यांचं, एक वर्षाचं. तिसरा झाला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शहाजादी चाची तिथून चालत गेली, जसं काही सहजच. तिनं पसाभर जोंधळे मोजून दिले आणि पोर विकत घेतलं. मग शालूच्या ओटीत घालून म्हणाली, मेरा है, तू पाल. म्हणून तो कचरू. शालू त्याला पाजते, धुते, निजवते, पण परक्याचं सांभाळल्यासारखं. कुणी पोराचं कौतुक केलं तर म्हणते, चाचीचं हाय बाई, माझं काय त्यात. कारण कुणीतरी जवळपास उभं असतं, कान देऊन. 'माझं' म्हटलं की त्याला पत्ता लागतो.

"मेरा है साब," चाची झाडाखालून म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग पोराकडं. "आजी, तुमचं वय काय?"

"अल्ला देते वखत उमर पूछके देता क्या?"

सगळ्या हसल्या. साहेबही हसले. पण मान हलवली. "कामावरच्या मजूर बाईचं लेकरू पाहिजे. तुमचं तुम्हीच सांभाळणार तर त्यात आम्ही मोजायचं काय? आई कोण आहे ह्याची?"

माझं तोंड उघडलं होतं. मी बारावी झालेय, अशा गोष्टी मानत नाही असं मी कितीदा भागवतला सांगितलंय. पण 'शालूचं आहे' एवढे दोन शब्द जिभेवर दगडासारखे बसले. राधेश्यामनंही घसा खाकरला. शालूनं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागला.

"चार," साहेब म्हणाले. आवाजात वाईट वाटल्यासारखं होतं. "मी पुढच्या गुरुवारी येतो परत, मोजमापाला. तोवर पाचवं कुणी आलं तर बघू."

संध्याकाळी हातपंपावर मी शालूला गाठलं. मनात राग होता, तो लपला नसावा.

"एका शब्दानं काम झालं असतं शालू. चाची सुटली असती. मी सुटले असते."

ती हंडा घासत राहिली. मग हात न थांबवता म्हणाली, "तुला वाटतं मला म्हनू वाटत न्हाई? झोपला ना, की मी त्याच्या तळपायावर बोटानं लिहिते. माझा, माझा. रोज. तोंडानं न्हाई म्हनत." हंड्यात पाणी पडायला लागलं. "पहिल्या दोघांना लई म्हनलं मी, आकांक्षा. माझा राजा, माझी सोनी. दिवसभर म्हनत होते."

मी तिचा हंडा उचलून दिला. यानंतर तिला काही मागणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

शनिवारी बचत गटाची बैठक होती, समाजमंदिरात. आमचा गट काही मोठा नाही. दर महिन्याला थोडं थोडं टाकतो, त्यातूनच एकमेकींना देतो. घेतलं ते थोड्या व्याजासकट परत गटातच येतं. कौसल्याकाकूंनी विचारलं, कुणाला पाहिजे? एकीनं शिलाई मशीनचं नाव घेतलं, एकीनं कडबा. मग मी हात वर केला.

"कशासाठी ग?"

"चाचीला मजुरी द्यायला. पुढच्या गुरुवारपर्यंत. ती लेकरं बघंल, टोळीवर भार नको."

बायांमध्ये खसखस पिकली. काकू मात्र हसल्या नाहीत. "हे बघ आकांक्षे. शेळी घेतली तर करडं देती. मशीन घेतली तर झंपर शिवती. पाळन्याला काय येतं? झोका घेतला आन् पैसा गेला."

"पाळणा हलला तर मी खोदीन. मी खोदलं तर फेडीन."

"आन् साहेबानं परत चारच मोजले तर?"

"तर माझं काम सुटलं. जालन्याला जाईन, तिथून फेडीन."

ते म्हणताना माझा आवाज कसा झाला कुणास ठाऊक. काकूंनी माझ्या मांडीवर झोपलेल्या चिमीकडं बघितलं. मग सचिव बाईला म्हणाल्या, "लिही. आकांक्षा भागवत. कारन, शेळी."

"शेळी?"

"बँकेचा मानूस कधी तरी वही बघनार. त्याला शेळी समजती. पाळना समजून सांगायला कोन बसनार?"

चाची गटात नव्हती. तिला सांगायला मी आणि काकू दोघी गेलो. ती अंगणात तांदूळ निवडत होती. आधी तिनं सरळ नाही म्हटलं. "मेरेकू खैरात नक्को."

"खैरात कोन देऊन राह्यलं?" काकू म्हणाल्या. "हिनं कर्ज काढलंय तुझ्यावर. शेळी म्हनून लिहिलंय तुला."

चाचीनं सूप खाली ठेवलं. मग तिनं मान वर केली आणि अगदी हुबेहूब, करडू चुकलेल्या शेळीसारखी ओरडली. काकू हसता हसता अंगणात बसल्या.

त्या आठवड्यात गावभर मला एकच प्रश्न होता. "काय आकांक्षा, शेळी कशी हाय?" "खाती का नीट?" "दूध किती देती?" राधेश्यामसुद्धा फोटो काढताना म्हणाला, "शेळीला जरा इकडं तोंड करायला सांगा." आणि चाची करंजाखाली बसून पाय हलवत होती, आणि झोळ्या पाण्यावर तरंगत होत्या, आणि मी खोदत होते. आमचा खड्डा पहिल्यांदा चौकोनी दिसला. दुपारी मी चढ चढून चिमीला पाजायची, घाई न करता. ते दिवस मला नीट आठवतच नाहीत, एवढे मऊ होते. कुणीतरी दुसऱ्यानं सांगितल्यासारखे आठवतात. करंजाची फुलं चिमीच्या केसांत. कचरू माझ्या पायाला धरून उभा, माझ्या फडक्यातला भाकरीचा तुकडा मागत. त्याला माझ्या भाकरीवरचं तिखट लागायचं आणि तरी तो परत यायचा.

पण प्रत्येक संध्याकाळी गुरुवार एक दिवस जवळ यायचा. पाचवं लेकरू कुठून आणणार? ऊसतोडीला गेलेल्या दोन बाया अजून परतल्या नव्हत्या. पलीकडच्या टोळीतल्या एकीच्या पोटात होतं, पण पोटातलं मोजत नाहीत. भागवतचा फोन आला. शेजारची मोठी खोली रिकामी होतेय, धरून ठेवू का? मी म्हटलं, गुरुवारपर्यंत थांब.

गुरुवारी साहेब आले. आधी खड्डे मोजले, टेप धरून. आमच्याजवळ आले तेव्हा म्हणाले, "हा चांगला निघाला." मग करंजाकडं निघाले आणि आम्ही त्यांच्या मागं चढ चढलो. माझ्यापुढं शालू होती. तिचे पाय जड पडत होते. झाडाजवळ पोचल्यावर ती वळून माझ्याकडं बघायला लागली आणि मला कळलं, ती आज म्हणणार आहे. माझ्यासाठी, चाचीसाठी. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"उचला," साहेब म्हणाले.

मी चिमीला उचललं. कचरू खाली उतरून आला आणि सवयीनं माझ्या गुडघ्याला धरून उभा राहिला, भाकरीसाठी.

"ह्याचं काय झालं मग? हे कुणाचं ते कळलं का?"

शालूनं श्वास घेतला. मी तो ऐकला. आणि तो बाहेर पडायच्या आत मी वाकले, दुसऱ्या हातानं कचरूला उचललं आणि कडेवर घेतलं. अडीच वर्षांचं पोर, केवढं जड.

"माझं," मी म्हटलं. "दोन्ही माझीच."

म्हणताना तोंडात एकदम गार पडलं, बर्फ ठेवल्यासारखं. कुणीतरी खरंच जवळ उभं होतं. मी चिमीला घट्ट धरलं आणि कचरूलाही, आणि हलले नाही.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "आणि मागच्या गुरुवारी? तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"लाजली हो साहेब," कौसल्याकाकू मागून म्हणाल्या. "एकाला लागून एक झालं ना. लोक हासतात. तरन्या पोरी, त्यांना काय कळतं."

पलीकडच्या टोळीतली एक बाई पदरात तोंड घालून खोकायला लागली. राधेश्याम आभाळाकडं बघत होता, जणू रेंज तिकडून येणार होती.

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. मग काकूंकडं, चाचीकडं, आणि सगळ्यांत जास्त वेळ शालूकडं, जिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि जिला ते पुसायचं सुचत नव्हतं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला माहीत नाही. त्यांनी मोबाईल वर केला. "दोघांची तोंडं इकडं करा," ते मला म्हणाले. "पाच. राधेश्याम, उद्यापासून आजीबाईंचं नाव टाक."

चाची आपल्या अंगठ्याची दोरी सोडत होती, का बांधत होती, तिलाच कळत नसावं. साहेबांची गाडी दूर गेल्यावर मात्र तिनं मला हाक मारली. "काय ग ए! मेरा बच्चा मेरेकू पूछे बगैर ले गई? पसाभर जवारी निकाल पहले."

"कर्जात धर," काकू म्हणाल्या. "एक शेळी, एक करडू."

शालू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं हात पुढं केले, पण कचरूला लगेच घेतलं नाही. "दे इकडं," ती म्हणाली. "तुझ्या पोराला भूक लागली आसंल. मी चारते त्याला."

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या, पाठमोऱ्या. मी चिमीला खाली ठेवलं. मी भागवतला फोन लावला, खोली नको म्हणून सांगितलं, तो काय म्हणाला ते मला नीट ऐकूही आलं नाही. माझं लक्ष त्यांच्या पाठीकडं होतं. मृत्यू ज्या लेकराचा पत्ता शोधतोय ते मी चारचौघांत आपल्या घरात आणून ठेवलं होतं, त्यांच्या नातीशेजारी. त्या रागावल्या असत्या तर त्यांचं बरोबरच होतं.

त्या उठल्या. मुठीत मीठ, मोहऱ्या, दोन लाल मिरच्या. चिमीला पायावर घेऊन बसल्या आणि मूठ तिच्यावरून फिरवायला सुरुवात केली. मग मधेच थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं.

"दुसरं कुठाय?"

"काय?"

"काय म्हनजे? गावभर दोन सांगून आलीस. एकाचीच दिष्ट कशी काढू? जा, जल्दी घेऊन ये. निखारा इझून राह्यला."

मी चपलासुद्धा घातल्या नाहीत. तशीच शालूच्या घराकडं निघाले.